बर्फाच्या थरांची साक्ष

काशीच्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या परिसरात कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. माघस्नानाच्या दिवसांत या घाटांवर कधी कधी अवेळी ढग दाटून येतात, एकदोन दिवस बारीक पाऊस पडतो आणि त्यामागोमाग बोचरी थंडी सुरू होते. त्या मुलखात या पावसाला ‘महावट’ म्हणतात. गव्हाच्या पिकाला तो अमृतासारखा असतो. मोसमी वाऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तान ओलांडून हिवाळ्यात जी वादळी आवर्ते पूर्वेकडे सरकतात, त्यांस हवामानशास्त्रात ‘पश्चिमी विक्षोभ’ अशी संज्ञा आहे. महावट हा त्यांचाच शिडकावा होय. शिडकावा म्हणण्याचे कारण असे की, या आवर्तांनी वाहून आणलेल्या बाष्पाचा मोठा वाटा हिमालयाच्या रांगांवर बर्फाच्या रूपाने उतरतो. मैदानाच्या वाट्याला येतात ते चार थेंब. ब्रह्मा घाटापासून वायव्येस, सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटरवर बदरीनाथ आहे. त्याच्या पायथ्याशी वाहणारी अलकनंदा देवप्रयागास भागीरथीला मिळते व तेथून पुढे त्या प्रवाहाला गंगा हे नाव लाभते. घाटाच्या पायऱ्यांना लागणाऱ्या पाण्यात त्या बर्फाचाही थोडा अंश असतो, हे तेथील रहिवाशांस ठाऊक आहे. परंतु तो बर्फ पाणी होण्यापूर्वी डोंगरउतारावर कसा राहतो, आणि कधी कधी का राहत नाही, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस होती. प्रयागच्या कुंभमेळ्यातील यात्रेकरूंची गर्दी काशीच्या घाटांवर लोटली होती. दोनच दिवसांनी, २८ फेब्रुवारीच्या सकाळी, बदरीनाथ व माणा या गावांच्या दरम्यान सीमा सडक संघटनेच्या मजुरांच्या तळावर बर्फाचा प्रचंड लोट कोसळला. तळावर ५४ माणसे होती. त्यांपैकी ४६ जणांना बाहेर काढण्यात यश आले. ८ जण दगावले. ही माणसे शिखरे सर करण्यास गेलेली नव्हती. रस्ता मोकळा ठेवण्यासाठी, पोटासाठी ती तेथे राहिली होती. हिमस्खलनाचा विषय केवळ गिर्यारोहकांच्या कुतूहलाचा आहे अशी समजूत आपल्याकडे आढळते. ती या एका घटनेने दूर व्हावी.

महाराष्ट्रातील वाचकाला बर्फाचा लोट परका वाटला तरी कोसळणारी दरड परकी नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा डोंगरावरील मातीत पाणी मुरून तिचे वजन वाढले होते आणि खालच्या खडकावरील तिची पकड सुटली होती. वरचे ओझे वाढणे व खालची पकड ढिली होणे, हेच दोन व्यापार हिमस्खलनातही घडतात. भेद इतकाच की, माती शतकानुशतके जागच्या जागी असते, तर बर्फाचा डोंगर दरवर्षी नव्याने, थरावर थर चढून उभा राहतो आणि उभा राहत असतानाच आतून बदलत जातो.

पहिला प्रश्न उताराचा. सपाट जागेवरील बर्फ घसरत नाही आणि अगदी उभ्या कड्यावर तो साठतच नाही. पडता पडताच झडून जातो. धोका मधल्या उतारांवर असतो. मोठी स्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात, असा जगभरच्या निरीक्षकांचा अनुभव आहे. हे अंश डोळ्यांपुढे आणण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. एक वीत उंच व दीड वीत रुंद अशा पायऱ्यांचा जिना किंवा घाट घ्या. त्याच्या चढाचा कोन सुमारे ३४ अंश भरतो. म्हणजे घागर घेऊन माणूस जो घाट सहज चढतो, जो उतरताना लहान मुलाचा हात धरावा लागतो इतकाच काय तो कठीण, तेवढाच चढ बर्फाच्या लोटाला पुरेसा असतो. डोंगरात नवखा मनुष्य भयंकर दिसणाऱ्या कड्यांपासून दूर राहतो आणि अशा सौम्य वाटणाऱ्या उतारावर निश्चिंत होतो. वास्तविक भय या दुसऱ्या ठिकाणीच अधिक असते. शिवाय आपण स्वतः सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार आपला हिशेब करीत असतो, हेही विसरता येत नाही. माणाचा तळ उतारावर नव्हता; उताराखाली होता.

दुसरा प्रश्न थरांचा. आणि या विषयाचे खरे मर्म येथे आहे. बर्फाच्या ‘शुभ्र चादरी’चे वर्णन वर्तमानपत्रांना फार प्रिय आहे. परंतु चादर एकजिनसी असते. बर्फाला गोधडी म्हणणे अधिक योग्य ठरेल. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर. त्या थरावर दोनचार दिवस ऊन पडले असेल तर वरची कडक पापडी. स्वच्छ, निरभ्र रात्र गेली असेल तर दवाऐवजी पृष्ठावर उगवलेली पिसांसारखी नाजूक हिमस्फटिकांची लव. आणि मग या सर्वांवर पुढच्या वादळाचा नवा थर. गोधडीचे टाके सगळीकडे घट्ट असतील तर ती एकसंध राहते. एखाद्या थराचे टाके कच्चे असतील, तर वरचा सारा भाग त्या ठिकाणी सुटतो. हिमशास्त्रज्ञ त्यास दुबळा थर म्हणतात. त्याची जाडी कधी कधी बोटाच्या पेराहूनही कमी असते, पण त्यावर टेकलेल्या बर्फाचे भवितव्य त्याच्या हाती असते.

दुबळा थर कसा निर्माण होतो, हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. जाड बर्फाखालची जमीन, वरची हवा कितीही गार असली तरी, शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण बर्फात अडकलेली हवा उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही. आता अशी कल्पना करा की, बर्फाची जाडी केवळ अर्धा मीटर आहे आणि पृष्ठभागाचे तापमान उणे १५ अंश सेल्सिअस आहे. अर्ध्या मीटरात १५ अंशांचा, म्हणजे मीटरमागे ३० अंशांचा फरक झाला. मीटरमागे सुमारे १० अंशांहून अधिक फरक असेल, तर खालच्या उबदार कणांपासून निघालेली वाफ वर चढते आणि वरच्या थंड कणांच्या तळाशी गोठते. चुलीवरील भाताच्या झाकणाला आतून पाणी धरते, तशातलाच हा प्रकार. काही दिवसांत मूळचे नाजूक, एकमेकांत गुंतलेले तारकाकृती स्फटिक नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी कोनाकोनांचे, चकाकणारे, मोठे दाणे तयार होतात. असा बर्फ मुठीत दाबला तर त्याचा गोळा होत नाही. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा तो बोटांतून गळून जातो. फरक कमी असेल तर याच्या उलट घडते: कण गोलसर होतात, परस्परांना चिकटतात आणि थर दिवसेंदिवस बळकट होत जातो. वाचकाला यात एक विसंगती जाणवेल. थोडा बर्फ आणि कडक थंडी हे सुरक्षिततेचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात डिसेंबरातील विरळ बर्फ आणि निरभ्र रात्री हाच दुबळ्या पायाचा कारखाना असतो. त्या पायावर फेब्रुवारीचे वादळ मीटरभर बर्फ आणून टाकते. अपघाताची तारीख फेब्रुवारीची असली, तरी त्याची तयारी दोन महिने आधी झालेली असते.

ही गोष्ट हिमालयाच्या सर्व रांगांत सारखी नाही. भारतीय हिमशास्त्रज्ञांनी आपल्या पश्चिम हिमालयाचे स्थूलमानाने तीन विभाग कल्पिले आहेत. पीर पंजालसारख्या खालच्या रांगांत बर्फ विपुल पडतो व थंडी तुलनेने सौम्य असते. तेथील स्खलने मुख्यतः वादळ चालू असताना किंवा ते सरताच होतात. त्यापलीकडील उंच मुख्य रांगांत बर्फ कमी व थंडी अधिक. सर्वांत पलीकडे काराकोरम. तेथे कडक थंडीमुळे खडीसाखरेसारखे थर तळाशी दीर्घकाळ टिकतात आणि वादळ ओसरून, आकाश निळेभोर झाल्यानंतरही लोट सुटू शकतो. म्हणून एका रांगेत मुरलेल्या माणसाचा अनुभव दुसऱ्या रांगेत जसाच्या तसा चालत नाही.

वाऱ्याचे काम तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वारा धारेच्या एका अंगावरील बर्फ खरवडतो व दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो. आकाशातून जितका बर्फ पडतो, त्याच्या कित्येक पट बर्फ अशा रीतीने काही तासांत एखाद्या उतारावर जमा होऊ शकतो. वाटेत कण एकमेकांवर आपटून बारीक होतात, म्हणून तो थर दाट व ताठ बसतो. अशा ताठ थराला लादी म्हणता येईल. लादी ताठ असल्यामुळेच घातक असते. तिच्यावर एका ठिकाणी माणसाचा पाय पडला, की खालच्या दुबळ्या थरात तडा उठतो आणि तो क्षणार्धात दूरवर धावत जातो. मग सबंध उतार एकदम सुटतो. ५० मीटर रुंद, ३० मीटर लांब व अर्धा मीटर जाड अशी एक साधारण लादी घेऊ. घनमीटरला २५० किलोग्रॅम वजन धरले, तर ती सुमारे १८८ टन भरते. असा लोट काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठू शकतो. धावून निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. हौशी भटके व स्कीपटू यांच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा लोट सोडणारा घटक खुद्द सापडलेला मनुष्य किंवा त्याचा सोबतीच असतो, असे परदेशांतील नोंदींवरून दिसून आले आहे.

मग बर्फाच्या पोटातील स्थिती कळावी कशी? उपाय जुना व साधा आहे: खड्डा खणावा. ज्या उतारावरून जायचे त्याच दिशेच्या, तितक्याच कलाच्या, पण लहान व निर्धोक अशा जागी फावड्याने एक उभी भिंत कापून काढतात. दर १० सेंटिमीटरवर तापमापक खुपसून तापमान टिपतात. मघाशी सांगितलेला मीटरमागचा फरक त्यावरून निघतो. नंतर थरांचा कठीणपणा हातानेच पाहतात. आधी मूठ दाबून पाहावी. ती आत गेली नाही तर चार बोटे, मग एक बोट, मग पेन्सिल, आणि शेवटी चाकू. मुठीने सहज दबणाऱ्या थरावर पेन्सिलीशिवाय न दबणारा थर बसलेला आढळला, तर अनुभवी मनुष्याच्या कपाळाला आठी पडते. भिंगाखाली दाणे पाहून ते गोल आहेत की कोनाकोनांचे, हेही नोंदवितात.

यानंतरची परीक्षा शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. ३० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असा बर्फाचा खांब चहूबाजूंनी मोकळा करतात. त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवून प्रथम मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारतात. कितव्या थापेला आणि कोणत्या थरावर खांब तुटला, हे पाहावयाचे. मनगटाच्या थापांतच तो तुटला व वरचा भाग टेबलावरून पुस्तक सरकावे तसा सफाईने पुढे आला, तर त्या उताराचा नाद सोडणेच शहाणपणाचे. दुसऱ्या एका परीक्षेत खांबाची रुंदी ९० सेंटिमीटर ठेवतात आणि थापा एका टोकावर मारतात. तडा दुसऱ्या टोकापर्यंत धावला की नाही, हा तेथील प्रश्न. कारण तडा उठणे ही एक गोष्ट व तो पसरणे ही दुसरी. खड्डा न खणताही बर्फ काही खुणा आपणहून देतो. पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ, बसका आवाज येणे, पायापासून भेगा झरझर पुढे जाणे, आणि आसपासच्या तशाच उतारांवर नुकत्याच सुटलेल्या लोटांच्या ताज्या खुणा दिसणे. यांपैकी एकही दिसली, तर खड्ड्याची वाट पाहू नये.

या साक्षीत एक विलक्षण गोष्ट आहे. ती एकतर्फी असते. खड्ड्यात दुबळा थर सापडला, तर धोका आहे हे सिद्ध होते. न सापडला, तर धोका नाही हे मात्र सिद्ध होत नाही. एकाच उतारावर दहा पावलांच्या अंतराने थरांची जाडी बदलते. खडकांभोवती, धारेच्या जवळ, लादीच्या पातळ कडेला स्थिती निराळी असते. ‘आपल्या आधी दहा जण याच वाटेने गेले’ हा युक्तिवाद तर अगदीच पोकळ होय. दहा जणांची पावले लादीच्या जाड भागावर पडली असतील आणि अकराव्याचे पाऊल पातळ भागावर पडेल. सध्या हिवाळ्यात पुणे-मुंबईकडील पुष्कळ तरुण उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकांठ्यासारख्या वाटांवर जातात. त्यांच्यापाशी उत्साह असतो, चांगली साधनेही असतात. परंतु ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी पोहोचण्याचा जो हट्ट आगगाडीच्या परतीच्या तिकिटातून निर्माण होतो, तो बर्फाच्या साक्षीपुढे टिकवून धरण्यासारखा नाही.

जाणकार हजर असले म्हणजे निभावतेच, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी भागीरथीच्या खोऱ्यातील ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराच्या माथ्याजवळ हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून अधिक जण मृत्यू पावले. एव्हरेस्ट चढून आलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल त्यांत होत्या.

एकट्या खड्ड्यावर भागत नाही, म्हणून सबंध प्रदेशावर नजर ठेवणारी यंत्रणा लागते. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळच्या डोंगरावर १९३०-४० च्या दशकात बर्फाच्या अभ्यासाला पद्धतशीर रूप आले. आपल्या देशात १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. २०२० साली ती दुसऱ्या एका संरक्षण प्रयोगशाळेत मिळवून ‘संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था’ निर्माण करण्यात आली. ठिकठिकाणची निरीक्षणे व हवामानाचा अंदाज यांवरून ही संस्था धोक्याच्या सूचना प्रसृत करते. युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्या मानतात: अल्प, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अति उच्च. त्यांतील तिसरी पायरी सर्वांत फसवी. चौथ्या-पाचव्या पायरीस लोक घरी बसतात. तिसरीला ‘मधली’ समजून बाहेर पडतात, आणि मृत्यूंची संख्या याच पायरीवर सर्वाधिक आढळते.

माणाच्या बाबतीत सूचना गेली नव्हती असे नाही. २७ फेब्रुवारीच्या सायंकाळी चमोलीसह उत्तराखंडातील काही जिल्ह्यांत २४०० मीटरवरील भागासाठी पुढील चोवीस तासांचा इशारा देण्यात आला होता. माणा सुमारे ३२०० मीटरवर आहे. परंतु जोरदार हिमवर्षाव सुरू झाल्यावर मिळालेल्या इशाऱ्याने तळ एका रात्रीत हलत नाही; तळाची जागा निवडताना व तो केव्हा रिकामा करावयाचा हे ठरविताना जे केले असेल, तेच कामी येते. येथे जुन्या वहिवाटीची आठवण होते. बदरीनाथाची कवाडे दिवाळीनंतर, नोव्हेंबरात बंद होतात आणि एप्रिल-मेमध्ये उघडतात. मधल्या काळात पूजा खाली पांडुकेश्वर व जोशीमठ येथे चालते. माण्याचे रहिवासीही गुरेढोरे घेऊन खालच्या गावी उतरतात. या वहिवाटीमागे धार्मिक संकेत असेल. परंतु तिने हिमस्खलनाचे महिने बिनचूक टाळले आहेत, हे कोणीही पंचांग व हिमवर्षावाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहावे. बारमाही रस्त्यांची गरज निर्माण झाल्यावर मनुष्य त्या महिन्यांतही वर राहू लागला, आणि जी गोष्ट वहिवाट सांभाळीत होती ती आता शास्त्राने व व्यवस्थेने सांभाळणे प्राप्त झाले.

एवढे करूनही मनुष्य गाडला गेलाच, तर प्रश्न मिनिटांचा असतो. बर्फात हवा पुष्कळ असली तरी श्वासाच्या उष्णतेने तोंडापुढचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो व त्याचे कवच बनते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहांतील नऊ जण जगतात. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण दहांत तीनपर्यंत घसरते. बाहेरून मदत येण्याइतका वेळ नसतो, म्हणून वाचविणारा जवळचा सोबतीच असावा लागतो. यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे व घेणारे छोटे यंत्र, पाठपिशवीत चाचपणीची लांब काठी आणि फावडे हवे. यांतील एक वस्तू नसली तरी इतर दोहोंचा उपयोग फारसा उरत नाही. धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडावयाचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावयाची, ही शिस्तही यासाठीच.

श्वासापुरती पोकळी मिळाली तर मात्र हे गणित बदलते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. सहा दिवसांनी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद हे बर्फाखाली जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. माण्याला मजूर पोलादी पेट्यांच्या खोल्यांत राहत होते. लोटाने त्या पेट्या उचलून फेकल्या, काही बर्फाखाली गेल्या. पण बऱ्याच चुरडल्या गेल्या नाहीत आणि आत हवा राहिली. बर्फ पडत असतानाच लष्कर व सीमा पोलीस यांच्या जवानांनी त्या खणून काढण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीसहून अधिक जण बाहेर आले, दुसऱ्या दिवशी उरलेल्यांपैकी बहुतेक. शेवटचा मृतदेह २ मार्चला सापडला.